रुमानियाची चाल

गफूरभाई माझ्यापेक्षा चांगला क्लॅरोनेट वाजवायचे. झालं, लिहिलं एकदाचं. हे एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघायला अठरा वर्षं लागली, आणि ते जिवंत होते तोवर तर निघालंच नाही. आता त्यांना जाऊन वर्ष होत आलं. आमच्या कारंजा गावात कुणी त्यांचं नाव काढलं की मी अजूनही पानाच्या टपरीकडे वळतो, चुना मागतो, कायतरी करतो. बायको म्हणते, "मेलेल्या माणसावर बी जळता काय तुमी?" जळतो. खोटं कायले बोलू?

आमचा बॅन्ड कारंज्याचा. माझे वडील सनई वाजवायचे, आणि कारंज्यापासून अनसिंगपर्यंत लेकीची पाठवणी म्हटली की त्यांना बोलावणं यायचं. पाठवणीची त्यांची स्वतःची एक चाल होती. ती त्यांनी मला क्लॅरोनेटवर बसवून दिली आणि गेले. बॅन्डात पहिला क्लॅरोनेट पुढे चालतो, दुसरा त्याच्या मागे खालच्या सुरात साथ देतो. पहिला मी होतो. लोक मला मास्तर म्हणायचे. दुसऱ्याची जागा रिकामी झाली तेव्हा गफूरभाई आले, आणि मीच त्यांना ठेवून घेतलं. स्वतःच्या पायावर धोंडा म्हणतात तो हा.

जुन्या धान्यबाजाराच्या मागे त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटा आणि वर पत्रा. अंगानं काटकुळे, दाढी मेंदीनं लाल, बोटांना मशीनच्या तेलाचा वास. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा बॅन्डच्या लाल कोटाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली असायची. आम्ही बाकीचे कोट खांद्यावर टाकून सावली शोधायचो, आणि हे उन्हात उभे. मी एकदा म्हटलं, "काहून जीव देऊन राह्यले? काढा तो कोट." तर म्हणाले, "मास्तर, नवरदेवानं शेरवानी काढली काय? मंग मी कसा काढू?"

क्लॅरोनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते, तिच्यातूनच सूर निघतो; ती आम्ही पाण्यात किंवा जिभेवर ओली करतो. हे बशीत चहा ओतायचे आणि त्यात पत्ती भिजत घालायचे. उरलेला चहा पिऊनही टाकायचे. "पाण्यानं पत्ती ओली होते, चायनं जागी होते," असं त्यांचं म्हणणं. पोरं हसायची. मी चोरून एकदा करून पाह्यलं. माझी पत्ती काही जागी झाली नाही, तोंड मात्र दिवसभर गोड गोड राहिलं.

मला सगळ्यात जास्त चीड यायची ती त्यांच्या एका सवयीची. चांगलं वाजलं आणि लोकांनी वाहवा केली की ते म्हणायचे, "आज पत्ती चांगली होती." खराब वाजलं की म्हणायचे, "आज मी खराब होतो." माझं उलटं होतं. चांगलं वाजलं की ते मी वाजवलेलं असायचं, आणि खराब वाजलं की पत्ती खराब असायची. बॅन्डातल्या पोरांनी हा फरक हेरला होता. माझ्यासमोर बोलत नव्हते, पण एकमेकांकडे बघायचे.

पाठवणीच्या आधी ते गायब व्हायचे. पहिल्यांदा मला वाटलं बिडी ओढायला गेले. किसना ढोलवाल्याला शोधायला पाठवलं, तर तो येऊन सांगतो, "मास्तर, थे सैपाकघराच्या मांगं भिताडाले टेकून उभे हायेत." मी गेलो. खरंच उभे होते, डोळे मिटून. आत नवरीची माय बायांशी बोलत होती, मधेच हुंदका, मधेच भांड्यांच्या हिशेबावरून कुणाला तरी रागावणं. मी म्हटलं, "हे काय चाल्लं?"

"पट्टी पाहून राह्यलो," म्हणाले. "माय काळी दोनमंदी हाये. आपण पांढरी पाचमंदी वाजवलं तं तिले रडताच येणार नाई, बिचारीले."

बॅन्डात अख्खा जन्म गेला माझा. माझ्या बापालाही हे सुचलं नव्हतं. आपल्याकडे बाया हेल काढून, शब्द लावून रडतात. त्या रडण्याला सूर असतो हे मला ऐकूच आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पट्टी सांगितली आणि मी मुद्दाम माझ्याच पट्टीत सुरू केलं. ते मागून निमूट साथ देत राहिले. नवरीच्या मायनं डोळ्याला पदर लावला आणि खाली घेतला. त्या चालीत रडणं मिसळायला जागाच सापडली नाही तिला. मला दिसलं ते. गफूरभाईंनाही दिसलं असणार.

मग रुमानिया आलं.

त्यांचा भाचा अन्वर वेल्डर. एजंटानं त्याला रोमानिया नावाच्या देशात कामाला नेलं. गफूरभाई रुमानियाच म्हणायचे. तिथल्या एका खेड्यात पुलाचं काम होतं, आणि ठेकेदाराच्या मुलीच्या लग्नाला या पोरांनाही बोलावणं होतं. अन्वरनं मोबाइलवर त्या लग्नाचा व्हिडिओ काढून मामाला पाठवला. तिकडे म्हणे लग्न लागल्यावर नवरीच्या डोक्यावरची जाळी उतरवतात आणि बायकांसारखा रुमाल बांधतात. म्हणजे पोरगी संपली, बाई झाली. त्या वेळी वाजवणारे एक चाल वाजवतात आणि नवरी मायबापाचा, अंगणाचा निरोप घेते. नवरी रडते, माय रडते. एक म्हातारा क्लॅरोनेटवाला तिच्या कानाशी वाकून वाजवत होता.

गफूरभाईंनी तो व्हिडिओ आठ दिवस पाहिला. गिऱ्हाईक मशीन घेऊन उभं, आणि हे मोबाइल कानाला लावून. मी गेलो की मलाही दाखवायचे. "मास्तर, पाहा ना. याले ठेकाच नाई. सूर मनाले वाटते तोवर उभा राह्यते, मंग उतरते. ढोलवाला बसला हाये हात बांधून." मी म्हटलं, "ठेका नाही तर चाल कसली?" पण चाल होती. मला ऐकू येत होती, म्हणूनच मी तसं म्हटलं.

अन्वर दर शुक्रवारी फोन करायचा. मामा दिनार-डॉलर काही विचारत नव्हते, बॅन्डवाल्यांचंच विचारायचे. अन्वर सांगायचा, की ही गाणी तिथं खूप जुनी. मधे सरकारनं वाजवणाऱ्यांना एकसारखे कपडे घालून, मोठाले ताफे करून स्टेजवर बसवलं, तेव्हा ती गाणी गुळगुळीत झाली. पण लग्नातले वाजवणारे आपलं जुनंच वाजवत राहिले, म्हणून ते वाचलं. आता तिथंही पोरांना कॅसिओ पाहिजे, मोठाले स्पीकर पाहिजेत, धडधड पाहिजे. हे ऐकून गफूरभाईंना कोण आनंद. "तिकडं बी कॅसिओ पोचला म्हणते! आन् वाजवणाऱ्याले जेवाले शेवटीच बसवते, आपल्यासारखंच." वाजवणाऱ्यांची जमात सावळी, आणि लोक म्हणतात हे फार पूर्वी हिंदुस्तानातूनच गेलेले आहेत, असंही अन्वरनं सांगितलं. त्यावर गफूरभाई मला म्हणाले, "मंग चाल घरीच आली म्हणा."

घरी आली म्हणे. माझ्या बापाची चाल घरातच होती, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

एकदा अन्वरनं त्या म्हाताऱ्यालाच व्हिडिओ कॉलवर बसवलं. मी दुकानात होतो. यांना त्याची भाषा येत नाही, त्याला यांची येत नाही. यांनी सलाम केला, त्यानं टोपी काढली. यांनी चाल वाजवली. म्हाताऱ्यानं मधेच बोट हलवलं, नाही नाही, आणि स्वतः वाजवून दाखवलं. दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याचं बोट हललं नाही. मग त्यानं डोळे पुसले आणि हसला. तासभर हे चाललं होतं. मी बाजूला स्टुलावर बसून एका मशीनचं चाक फिरवत होतो. गफूरभाईंनी दोनदा म्हटलं, "मास्तर, या ना, तुमी बी वाजवा." मी म्हटलं, "रेंज जाईन." असं काहीतरी म्हटलं.

पहिल्यांदा ती चाल वाजली अनसिंगला. मुलीचा बाप मोठा शेतकरी, दगडासारखा माणूस. सकाळपासून सगळ्यांवर ओरडत होता. पाठवणीला गफूरभाई मला म्हणाले, "आज मी पुढं होऊ काय, मास्तर? एवढं एकदाच." मी मनात म्हटलं, होऊ दे फजिती, आणि मागे सरलो. त्यांनी किसनाला हात दाखवून ढोल थांबवला आणि सुरू केलं. मांडवातल्या बाया आधी चुप झाल्या, मग एकेकीनं सूर धरला. आणि तो बाप जीपच्या दरवाज्याला डोकं लावून असा रडला, की नवरीच उतरून त्याला समजवायला आली. वऱ्हाड अर्धा तास खोळंबलं आणि कोणी तक्रार केली नाही.

त्यानंतर माझं काय राहिलं? रिसोड, मंगरूळ, मानोरा, जिथून तिथून माणसं यायची. "ती रुमानियाची लावा." नाव कुणाला धड घेता येत नव्हतं, पण पाहिजे तीच. दुसऱ्या वर्षी इतर बॅन्डवाल्यांनी उचलली. कॅसिओवाल्यानं तिच्याखाली ठेका घातला. मी म्हटलं, आता गफूरभाईंना वाईट वाटेल. तर म्हणतात, "घालू द्या ठेका. पोटाले चिमटा हाये त्याच्या बी. चाल तगली पाह्यजे." माझी पोरगी वर्षा, तेव्हा बारावीत, भांडी घासताना तीच गुणगुणायची. तिच्या आजोबाची नाही. मी एकदा म्हटलं, "आपल्या घरची नाही का येत?" तर म्हणते, "बाबा, ती तुमी लय घाईत वाजवता."

आता जे सांगतो ते मी शोभालाही, म्हणजे माझ्या बायकोलाही, सांगितलेलं नाही.

रिसोडला एक सोयाबीनचे व्यापारी होते. त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या बॅन्डचं ठरवायला मी एकटाच गेलो होतो. चहा आला. ते म्हणाले, "पाठवणीले ती रुमानियाचीच पाह्यजे हं, मास्तर. तुमची ती जुनी नको." तुमची ती जुनी नको. माझ्या हातात कप होता. मी म्हटलं, "वाजवू ना. तिकडं ती मयतीत वाजवतात म्हणे, पण आपल्याले काय? तुमची इच्छा."

एवढंच. एका वाक्याचं खोटं. व्यापाऱ्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मंग राहू द्या बावा."

मला वाटलं, एका लग्नापुरतं झालं. पण असली गोष्ट एसटीच्या आधी गावाला पोचते. त्याच महिन्यात एका नवरीचा सासरा आठवड्याच्या आत गेला, आणि तिची पाठवणी त्याच चालीवर झाली होती. झालं, शिक्काच बसला. माणूस ऐंशीचा, दम्याचा पेशंट, पण दोष चालीचा. मोठ्या बाया सांगायला लागल्या की आम्हाला तवाच अंगावर काटा आला होता. पुढे पुढे लग्नघरचे म्हणायचे, "बॅन्ड तुमचाच, मास्तर. पण गफूरभाईले नका आणू." मी तोंडदेखलं हळहळायचो आणि नव्हतो आणत. दोन वर्षं मी पुन्हा माझ्या बापाची चाल वाजवली. कोणी हेल काढून रडलं नाही. डोळ्याला पदर, आणि खाली.

ते दुकानात बसलेले असायचे. मी जायचो, न जाऊन कसं चालेल? एकदा म्हणाले, "चाल बंद पडली, मास्तर. कोणं काय सांगतलं कोणास ठाऊक." मी म्हटलं, "लोकायचं काय, आज हे उद्या ते." त्यांनी तेलाची कुपी उचलली आणि मशीनच्या पोटात दोन थेंब सोडले.

मग कारंज्यात नव्वदीतली एक आजीबाई गेली. भरल्या घरातून गेलेलं माणूस आपल्याकडे वाजतगाजत नेतात. तिचे नातू आले आणि म्हणाले, "ती मयतीची चाल येते ना तुमच्या गफूरभाईले? तीच पाह्यजे." मला वाटलं ते चिडतील, नाही म्हणतील. ते लाल कोट घालून, सगळी बटणं लावून आले. ढोल थांबवला. तिरडीमागं चालणाऱ्या लेकी-सुना ज्या सुरात रडत होत्या तो आधी ऐकून घेतला, आणि त्या सुरात ती रुमानियाच्या नवरीची चाल वाजवत नदीपर्यंत गेले. तेव्हापासून म्हातारं माणूस गेलं की त्यांना बोलावणं येऊ लागलं. त्या पहिल्या दिवशी नदीवरून परत येताना मला म्हणाले, "वाचली, मास्तर. गल्ली बदलली, पण वाचली." माझं खोटं त्यांनी चालत जाऊन खरं केलं होतं. मी त्यांच्या मागून चाललो होतो, दुसरा क्लॅरोनेट.

वर्षाचं लग्न ठरलं तेव्हा मी एक गोष्ट पक्की केली होती, की तिची पाठवणी मी स्वतः वाजवणार, आजोबाच्या चालीवर. महिनाभर रियाज केला. गफूरभाईंना पाहुणा म्हणून बोलावलं. ते पांढरा कुर्ता घालून आले, हातात वाद्य नाही.

पण रडणाऱ्या माणसाला क्लॅरोनेट वाजवता येत नाही. ओठ थरथरले की पत्ती धरत नाही. एवढ्या लेकी मी दुसऱ्यांच्या पाठवल्या, हे कधी कळायचं कारण पडलं नाही. वर्षा समोर येऊन उभी राहिली, मी फुंकलं आणि चीं निघालं. पुन्हा फुंकलं, पुन्हा चीं. नवरदेवाकडचं कोणीतरी हसलं. गफूरभाई पुढे आले. माझ्या हातून वाद्य घेतलं, कुर्त्याच्या खिशातून स्वतःची पत्ती काढून चढवली.

वर्षा म्हणाली, "चाचा, तुमची ती लावा. रुमानियाची."

नवरदेवाचा मामा लगेच पुढे सरकला. "ती मयतीची ना? भरल्या मांडवात? आमी चालू देणार नाई बावा."

गफूरभाईंनी वाद्य खाली घेतलं आणि हळूच म्हणाले, "मास्तरले इचारा. त्यायले मालूम हाये ती कायची चाल हाये."

मांडव माझ्याकडे बघायला लागला. वर्षा बघत होती. चार शब्दांचं काम होतं. ती लग्नाचीच चाल आहे, मी खोटं बोललो होतो. पोरीनं जाताना एवढीच एक गोष्ट मागितली होती. मी व्याह्यांकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि म्हटलं, "माझ्या बापाची वाजवा, गफूरभाई."

वर्षानं मान खाली घातली. त्यांनी "बरं" म्हटलं आणि वाद्य घेऊन सैपाकघराच्या मागे गेले. शोभाची पट्टी ऐकायला.

परत आले, ढोल थांबवला, आणि माझ्या बापाची चाल माझ्या मांडवात अशी वाजली, की मला ती ओळखू यायला वेळ लागला. तिसऱ्या वळणावर मी नेहमी पळतो. ते तिथं थांबले. सूर तसाच उभा ठेवला, आणि शोभाचा हेल बरोबर त्यात येऊन मिळाला. मग बायांचा. हसणारं पोरगं रडत होतं. मामा रडत होता. मी? माझी एकुलती एक लेक जीपमध्ये बसत होती आणि मी त्या माणसाच्या बोटांकडे बघून जळत होतो. बापाला असं वाटावं काय? पण वाटलं.

शेवटच्या पंगतीला ते बॅन्डवाल्यांत बसले. पाहुण्यांत बसा म्हटलं, ऐकलं नाही. मी वरणाची बादली घेऊन वाढायला गेलो. भात कालवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या बापाची चाल लय मोठी हाये, मास्तर. तिले घाई नोका करू." मग म्हणाले, "रिसोडच्या त्या व्यापाऱ्याची पोते शिवाची मशीन माह्याकडंच येते दुरुस्तीले. दोन वर्स झाले मले मालूम होऊन."

माझ्या हातातला डाव बादलीतच राहिला. त्यांनी पत्रावळ पुढे सरकवली. "वाढा," म्हणाले, "कोरडा हाये भात."

मी वाढलं. त्यांनी पोटभर खाल्लं, हात धुतले, शोभाला सलाम केला आणि पायी निघून गेले. ते मला दिसले ते शेवटचे. पंधरा दिवसांनी दुकानातच गेले, समोर उघडं मशीन. त्यांच्यात मयतीला वाद्य वाजत नाही. मी खांदा दिला आणि मातीच्या तीन ओंजळी टाकून घरी आलो.

या सीझनला रिसोडहून एक मुलीचा बाप आला. म्हणाला, "मास्तर, पाठवणीले ती गफूरभाईची चाल पाह्यजे." मी म्हटलं, ती मयतीची झाली आता. "थे नाई हो," तो म्हणाला, "थे दुसरी. तुमच्या पोरीच्या लग्नात त्याईनं वाजवली थे. आमच्याकडं सगळे गफूरभाईचीच म्हणतात तिले." आणि त्यानं गुणगुणून दाखवली. बेसूर होता, पण तिसऱ्या वळणावर तोसुद्धा थांबला.

माझ्या बापाची चाल. बापानं आयुष्य घातलं तिच्यात, मी चाळीस वर्षं वाजवली, आणि त्या माणसानं एकदा. मी खाली बसलो. तो म्हणाला, "काय झालं मास्तर? त्यायचीच हाये ना थे?"

मी म्हटलं, "हो. त्यायचीच."